नांदवडीची गाबोळी

पंधरा वर्षांपूर्वी नांदवडीचं नाव काढलं की माणसं आधी नाक मुरडायची आणि मग बोलायची. एसटी पुलावर आली की बाया पदर नाकाला लावत आणि पुरुष खिडक्या ओढून घेत. खाली कांचनी नदी म्हणजे निव्वळ गटारगंगा होती. काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, फेसात अडकलेली दुपटी आणि औषधगोळ्यांची रिकामी पाकिटं. वरच्या पाच शहरांनी सकाळी पोट साफ केलं की दुपारपर्यंत ते नांदवडीच्या घाटाला लागायचं. या नदीतला मासा फुकट दिला तरी कुणी घरात घेत नसे.

आणि आता, दोन हजार बेचाळीस साली, तीच माणसं जिभल्या चाटत नांदवडीला येत होती. कशाला, तर गाबोळी खायला.

माशाच्या पोटातल्या अंड्यांची ती नारिंगी पिशवी. हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर परतायची आणि गरम भाकरीबरोबर हाणायची. दुसऱ्या गावात गाबोळी मिळणं हा नशिबाचा भाग असतो. पावसाच्या तोंडावर मासे अंड्यावर येतात, त्यातही निम्मे नर निघतात. नांदवडीला तसली भानगड नव्हती. इथं बारा महिने मिळे आणि प्रत्येक माशात मिळे. नदीला बरकत आली, असं लोक म्हणत. नगरपालिकेनं तर पौषात गाबोळी जत्राच सुरू केली होती.

जत्रेला तीन आठवडे उरले असताना, एका रविवारी शलाका तारू आईच्या खानावळीत विळीवर बसली होती. तारू मंडळी जातीची भोई, पिढ्यान्‌पिढ्या याच घाटावर जाळं टाकणारी. शलाका मात्र शिकली आणि नदीकाठच्याच सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात रसायनतज्ज्ञ झाली. लग्न करून पुण्याला गेली होती, ते मोडून परत आली. आईच्या बोटात काटा घुसला म्हणून त्या दिवशी मासे साफ करायचं काम तिच्याकडे आलं होतं. भाऊ हणमंत टोपल्या आणून ओतत होता. विळीजवळ एक गाभण कुत्री आतड्यांची वाट बघत पसरली होती.

समोर पाटावर हणमंतची बायको स्नेहल जेवत होती. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते, नुकता तिसरा महिना लागला होता. पहिल्या जाळ्याची गाबोळी पोटुशीच्या ताटात वाढायची, ही भोयांची जुनी रीत. जुन्या काळी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी हा मान मिळायचा. आता पहिलं जाळं रोज होतं आणि गाबोळीही रोज होती. स्नेहल दोन महिने ती सकाळ-संध्याकाळ खात होती आणि सासू शेजारी बसून आणखी वाढत होती.

शलाका रोहू चिरत गेली. पोट फाडायचं, बोट घालायचं, नारिंगी पिशवी परातीत. दुसरा. तिसरा. टोपली निम्मी झाल्यावर तिचा हात थांबला. लहानपणी ती आजीजवळ बसून मासे साफ करायची, तेव्हा नराच्या पोटातून पांढऱ्या मऊ फिती निघायच्या. आजी त्या बाजूला काढायला सांगायची. त्या फिती तिला आज एकाही माशात दिसल्या नव्हत्या. ती उरलेली टोपली चिरत गेली, आता घाईघाईनं. शेवटच्या एका लहानशा माशात पांढरी फीत सापडली, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं. मग तिनं ती उजेडात धरली. फितीच्या आत, साबुदाण्यात मोहरी मिसळावी तसे, नारिंगी दाणे भरले होते.

कुत्रीनं मान वर केली, पण शलाकानं तो तुकडा खाली टाकला नाही. पानात गुंडाळून पिशवीत ठेवला.

नदी स्वच्छ केली ती शलाका काम करायची त्याच 'निर्मळ' प्रकल्पानं. मैला खाणारे जिवाणू जुन्या प्रकल्पांतही असतात, पण निर्मळचे जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेले होते आणि त्यांना भस्म्या झाल्यासारखी भूक होती. वास खात, रंग खात, फेस खात. वरची पाच शहरं आणि नांदवडी, अशा सहा गावांचा मैला एका टोकानं आत जाई आणि दुसऱ्या टोकानं वाळूचा कण मोजावा इतकं नितळ पाणी नदीत पडे. कायद्यानं सांगितलेल्या प्रत्येक चाचणीत ते पाणी उत्तीर्ण होई. त्या दाखल्यांवर शलाकाची सही असायची आणि तिला तिचा अभिमान होता. पुलावरची एसटी आता खिडक्या उघड्या ठेवून जात होती, यात आपला वाटा आहे असं तिला वाटे, आणि तो होताच.

सोमवारी तिनं एक वेगळी चाचणी केली. पाव फुगवतं तेच यीस्ट, पण त्याच्या पेशीत माणसाच्या शरीरातलं एक कुलूप बसवलेलं. बाईपणाचं हार्मोन ही त्या कुलपाची किल्ली. पाण्यात किल्ली असली की कुलूप उघडतं आणि पिवळं द्रावण लाल होतं. खोट्या किल्ल्याही चालतात. प्लॅस्टिकमधून झिरपणारी काही रसायनं, कपडे धुण्याच्या साबणाचे अवशेष, यांचा आकार त्या किल्लीशी इतका जुळतो की शरीर फसतं.

एका बशीत तिनं आत येणारं घाण पाणी घातलं, दुसरीत बाहेर जाणारं नितळ. घाण पाण्याची बशी फिकट नारिंगी झाली. नितळ पाण्याची बशी डाळिंबासारखी लाल झाली. बशांची अदलाबदल झाली असणार, असं म्हणून तिनं पुन्हा नमुने घेतले, या वेळी स्वतः जाळीवरून वाकून, हातमोज्याला मैला लागेपर्यंत. उत्तर तेच आलं.

तेव्हा तिला कोडं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं असं वाटलं. शरीर वापरून झालेलं हार्मोन तसंच बाहेर टाकत नाही. त्याला साखरेच्या एका रेणूशी बांधतं आणि मग लघवीवाटे सोडतं. बांधलेली किल्ली कुठल्याच कुलपात शिरत नाही. पण निर्मळच्या जिवाणूंना साखर प्यारी होती. लाखो बायकांच्या शरीरांनी बांधून टाकलेल्या किल्ल्यांची, त्यांनी गिळलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांतल्या किल्ल्यांचीही, साखर ते चाटूनपुसून खात आणि किल्ल्या मोकळ्या करून नदीत सोडत. जुन्या प्रकल्पात हे थोडंफार व्हायचं, इथं ते पुरेपूर होत होतं. गटार गटार होतं तेव्हा निदान माणसं त्याच्यापासून लांब तरी पळत होती.

नगरपालिका दरवर्षी नदीत मत्स्यबीज सोडे. त्यातले नर वाढता वाढता माद्या होत. ज्यांचं रूपांतर अर्धवट राही, त्यांच्या पोटात ती दाणेदार पांढरी फीत तयार होई. आणि गाबोळी म्हणजे चरबी. असली रसायनं चरबीत जाऊन बसतात, तव्यावर परतून जात नाहीत. गावानं जे ताटात घेतलं होतं ते सहा गावांच्या मोऱ्यांचं सार होतं, मीठ-मसाला लावलेलं. शलाका बेसिनशी गेली आणि तिनं बराच वेळ नुसतं तोंड धुतलं. पण त्या बेसिनातलं पाणीही कुठं जाणार ते तिला ठाऊक होतं.

प्रकल्पप्रमुख कोरगावकरसाहेब डबा खात होते. गोरापान, हसतमुख माणूस. जत्रेत पहिलं ताट त्यांना देण्याचा प्रघात होता, आणि ते दरवर्षी ते ताट स्वतः न खाता गर्दीतल्या एखाद्या गरोदर बाईला व्यासपीठावर बोलावून तिच्या हातात देत. भोयांची रीत साहेबांनी पाळली म्हणून लोक टाळ्या वाजवत. शलाकानंही वाजवल्या होत्या.

साहेबांनी तिचं सगळं, भावजयीला दिवस राहिलेत हेसुद्धा, शांतपणे ऐकलं. लाल बशी बघून ते दचकले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. ही चाचणी कायद्यात नाही, ते म्हणाले. ओझोनचं यंत्र बसवलं तर हे सगळं जाळता येतं, पण ते मागायचं तर आधी हे कबूल करावं लागेल. निर्मळ आता आणखी चाळीस शहरं घेणार आहे, सगळं जुळून आलंय. शिवाय घाटावरच्या दोनशे घरांची चूल या गाबोळीवर पेटते, त्यांत तुमचंही घर आहे, ती तुम्हाला विझवायचीय का. बोलता बोलता ते माशाचा काटा काढत होते. शलाकाचं लक्ष त्यांच्या डब्यात गेलं. तो नदीचा मासा नव्हता. सुरमई होती.

"साहेब, तुम्ही नांदवडीत राहून रत्नागिरीचा मासा मागवता?" तिनं विचारलं.

"आमच्या घरात नदीचा मासा चालत नाही," ते म्हणाले. "हिला वास येतो."

"कधीपासून?"

साहेबांनी काटा डब्याच्या झाकणात ठेवला, बोटं पुसली आणि तिला अगदी मायेनं सांगितलं की तुम्ही दमलेल्या दिसता, चार दिवस रजा घ्या. शलाका उठली. एखाद्या माणसाची इतकी किळस यावी आणि तरी त्याला 'येते साहेब' म्हणावं लागावं, याचीच तिला स्वतःबद्दल किळस आली.

त्या संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं, किल्ली-कुलूप, साखर आणि साहेबांच्या डब्यातली सुरमई, जितकं सोपं करता येईल तितकं. पोटातलं बाळ मुलगा असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्या शरीरात मुलगा घडण्याचे निरोप फिरत असतात. त्यात या परक्या किल्ल्या घुसल्या तर निरोप बिघडतात. मुलगी असली तरी सुटका नाही, तिचे परिणाम वयात येताना दिसतात. होईलच असं नाही, ती म्हणाली. पण होणार नाही असं मी म्हणू शकत नाही. स्नेहलनं आजपासून गाबोळी बंद करावी आणि खानावळीनं जत्रेला दुकान लावू नये.

आई आधी हसली, मग भडकली. गाबोळीनं कधी कुणाचं वाईट झालंय का, आमच्या आज्या-पणज्या खात आल्या. शलाका म्हणाली, त्या वर्षातून दोनदा खात आणि नदी तेव्हा नदी होती. आईनं मग ते बोलून टाकलं जे घरात इतके दिवस कुणी बोललं नव्हतं.

"तुझी कूस उजवली न्हाई म्हनून माझ्या सुनंच्या ताटाला नजर लावू नगंस."

स्नेहलनं मान खाली घातली. शलाकाला वाटलं, उठावं आणि परत पुण्याची गाडी पकडावी. पण समोर स्नेहलचं ताट होतं आणि त्यात ते नारिंगी तुकडे तुपात चकाकत होते.

ती भावाकडे वळली. "हणमंता, माझ्या बशा राहू देत. तू जाळ्यातला माणूस आहेस. गेल्या चार वर्षांत बोटाएवढं पिल्लू जाळ्यात आलेलं बघितलंस?"

"नगरपालिका बीज सोडती की," हणमंत म्हणाला.

"ते सोडतात ते. नदीत जन्मलेलं?"

हणमंत शेजारच्या जाळ्याच्या गाठी चाचपू लागला.

"मला एक नर आणून दाखव," शलाका म्हणाली. "चांगला, पुरता नर. आणलास तर मी नोकरी सोडीन आणि आईची माफी मागून जाईन. पण तोवर स्नेहलनं खायचं नाही."

हणमंतला ही गोष्ट अपमानाची वाटली. कांचनीत नर नाही म्हणजे काय, बापजाद्यांची नदी ती. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे होडी काढून निघू लागला. वरच्या डोहात गेला, खालच्या बंधाऱ्यापर्यंत गेला. बारीक भोकांची, मोठ्या भोकांची, सगळी जाळी टाकली. परत येऊन मुकाट्यानं मासे चिरायचा, गाबोळी परातीत टाकायचा आणि पुन्हा जायचा. आई स्नेहलला आग्रह करत राहिली आणि स्नेहल भूक नाही म्हणत राहिली. एकदा मात्र शलाकानं तिला चुलीशी उभ्यानं, परातीतला तुकडा तोंडात टाकताना पाहिलं. डोहाळ्यांना शास्त्र कळत नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी हणमंत ओरडतच घाट चढून आला. त्याच्या हातात हातभर मरळ होती. अंगानं सडपातळ, पोट सपाट. याच्यात गाबोळी असणं शक्य नाही, तो म्हणाला, हा अस्सल नर. खानावळीतली गिऱ्हाइकंही उठून बघायला आली. आईनं शलाकाकडे असं बघितलं की तिनं नजर खाली केली. खरं तर त्या क्षणी तिला मनापासून वाटत होतं की आपण तोंडावर आपटावं.

आईनं स्वतः विळी ओढली आणि पोट फाडलं. आत दोन पांढऱ्या फिती होत्या. "ह्यो बघ," ती म्हणाली आणि फीत बोटांत धरून वर उचलली. बोटांच्या दाबानं ती फुटली. आईच्या मनगटावरून दुधासारखं काही ओघळलं, आणि त्यातून नारिंगी दाणे टपाटपा परातीत पडले.

आई हाताकडे बघत राहिली. आयुष्यभर मासे साफ केलेली बाई, कसल्याही आतड्याला न कचरणारी. तिनं हात लुगड्याला पुसला, मग राखेनं घासला, मग पुन्हा घासला. स्नेहल भिंतीला धरून मागच्या दारी गेली. ओकाऱ्यांचा आवाज बराच वेळ येत होता. शलाका पाणी घेऊन गेली तेव्हा ती पायरीवर बसली होती, दोन्ही हात पोटावर धरून.

"वन्सं, ह्याच्यात काय चाललं असंल?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही गं," शलाका म्हणाली. खोटं बोलण्याइतकी ती शहाणी नव्हती.

जत्रा ठरल्याप्रमाणे भरली. शलाकानं दोन वर्तमानपत्रांना सगळं पाठवलं होतं. एकानं नंतर बघू म्हटलं, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर त्याच सकाळी जत्रेची पानभर जाहिरात होती. आईनं दुकान लावलं, तेव्हा शलाकाला वाटलं की सगळं संपलं. आई नेहमीसारखी तव्यापुढे बसली होती. शेजारच्या दुकानांतून द्रोण भरून घेऊन लोक साहेबांच्या ताटाची वाट बघत होते, ती मात्र कुणालाच काही वाढत नव्हती. साहेबांचं ताट आधी, एवढंच म्हणत होती. आकाशात नगरपालिकेचे ड्रोन माशाच्या आकारात उडत होते आणि त्या माशाचं पोट नारिंगी दिव्यांनी भरलं होतं.

कोरगावकरसाहेब व्यासपीठावर आले. निर्मळ नदीबद्दल बोलले, भोई बांधवांच्या परंपरेबद्दल बोलले. यंदाचं पहिलं ताट तारूंच्या दुकानाचं होतं, ते घेऊन आई पायऱ्या चढली. साहेबांनी ते कपाळाला लावलं, गर्दीवरून नजर फिरवली आणि स्नेहलवर आणून थांबवली. या घरात यंदा पाळणा हलणार आहे, ते म्हणाले, तेव्हा हा मान तारूंच्या सूनबाईंचा. टाळ्या पडल्या. या माणसाला माहीत आहे, शलाकाला वाटलं, सगळं माहीत असून हा ते ताट तिच्याच पुढे धरतोय.

शलाका पुढं सरकणार तोच आईनं साहेबांच्या मनगटावर हात ठेवला. माइक चालूच होता.

"सुनंचं पोट भरलंय, साहेब. औंदा तुमी खावा."

साहेब हसले. रीत मोडायची नाही, म्हणाले.

"रीत आमची हाय. आमी मोडतू. एक घास खावा, मंग जत्रा सुरू."

गर्दीतून कौतुकाचा हशा आला. लोक 'खावा साहेब' म्हणू लागले, आधी मजेनं, आणि साहेब टाळू लागले तसं जरा निराळ्या सुरात. साहेबांनी पोट बरं नसल्याचं सांगितलं. आई हलली नाही. कॅमेरे जवळ आले. शेवटी त्यांनी लहानसा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडे बघत होतं. ते चावत राहिले. घास एका गालातून दुसऱ्या गालात गेला. गिळायची वेळ आली आणि त्यांचा गळा काही केल्या हलेना. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला, तोंड पुसल्यासारखं केलं आणि रुमालाची घडी करून ती परत खिशात घातली. मिशीवर एक नारिंगी दाणा राहिला होता.

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलाच्या हातातला द्रोण काढून घेतला. मग शेजारणीनं. हळूहळू द्रोण जमिनीवर ठेवल्याचे आवाज मागच्या रांगांपर्यंत गेले. साहेब माइकमध्ये काहीतरी समजावत होते, पण त्यांच्या मिशीकडे बघत त्यांचं ऐकणं कुणालाच जमत नव्हतं.

आई पायऱ्या उतरली ती थेट दुकानाशी आली. गाबोळीची परात तिनं कमरेवर घेतली आणि मागच्या खड्ड्यात उपडी केली. या दुकानावर उरलेलं वर्ष काढायचं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शलाका जवळ गेली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही, फक्त तिचा दंड घट्ट धरला आणि सोडला.

वासानं ती गाभण कुत्री खड्ड्याशी आली आणि आत तोंड घालू लागली. आईनं चुलीतलं लाकूड उचललं.

"हाड! खाऊ नगं, बये," ती म्हणाली. "तुझ्याबी पोटात पिल्लं हायती."

कुत्री थोडी लांब जाऊन बसली. हणमंत फावडं घेऊन येईपर्यंत आई ते लाकूड हातात धरून खड्ड्याच्या काठावर बसून राहिली.